ऐंशी टक्क्यांचा रिपोर्ट

ड्रायव्हरकाकांनी पाठ खाजवून खाजवून सदऱ्यावर रक्ताचे डाग पाडले होते आणि रिपोर्ट मात्र सांगत होता की गडी ठणठणीत आहे.

"ऐंशी टक्के!" डॉक्टर म्हणाले. ते आठवड्यातून दोनदा यायचे आणि उभ्या उभ्या सगळे पलंग फिरून जायचे. "पासष्ट आले तरी पुरतात. तुमचं डायलिसिस उत्तम चाललंय. मळमळ खाण्यामुळे होत असेल. जिभेवर ताबा ठेवा."

"ताबा कसला साहेब, दोन घास पोटात ठरत नाहीत. तोंडात सदा लोखंड चघळल्यासारखं लागतं." काकांनी तीस वर्षं बस चालवली होती. "आमच्या डेपोतपण असंच असायचं. इंजिन धूर ओकतंय आणि वहीत लिहिलंय, गाडी दुरुस्त."

डॉक्टर हसले आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला हसू आलं नाही. अकरा वर्षं ती हॉस्पिटलचं हे डायलिसिस सेंटर सांभाळत होती. पाठीमागे सगळे तिला 'तिखट सिस्टर' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. गेल्या महिन्यात काकांच्या शेजारच्या पलंगावरच्या चित्रकलेच्या बाई गेल्या. त्यांचंही असंच झालं होतं. आधी खाज, मग उलट्या, मग झोपलं की दम लागायचा म्हणून रात्रभर खुर्चीत बसून राहणं. त्यांच्या रिपोर्टात ब्याऐंशी होते. "बाई, रिपोर्ट छान आहे, मन खंबीर ठेवा," असं सिस्टरनेच त्यांना सांगितलं होतं.

हिशोब तसा सोपा. डायलिसिसच्या आधी रक्त तपासायचं, संपताना पुन्हा तपासायचं. मधल्या वेळात रक्तातला युरिया किती टक्के उतरला, त्यावरून कळतं की मशीनने माणसाचं रक्त धुतलं की नुसतं फिरवलं. काका नव्वद किलोचे. पूर्वी चार तास मशीनवर असायचे तेव्हा त्यांचे सदुसष्टच्या वर कधी आले नव्हते. पाच महिन्यांपूर्वी मॅनेजरने दिवसाची चौथी पाळी सुरू केली आणि प्रत्येकाचा अर्धा तास कापला. वेळ घटला आणि आकडा वाढला! हे शाळेतल्या पोरालाही खटकलं असतं. ती मात्र टेबलाशी बसून सह्या ठोकत राहिली होती.

काकांच्या पुढच्या पाळीला ती टेबलाशी बसलीच नाही. शेवटचा नमुना घ्यायच्या वेळी टेक्निशियनच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. त्याने निळ्या नळीत सुई खुपसली.

"थांबा. हे रक्त कुठून काढताय तुम्ही?"

"निळीतून."

"कधीपासून?"

पन्नाशीचा माणूस, पण त्याने मान खाली घातली. "चौथी पाळी सुरू झाली तेव्हापासून. मॅनेजरसाहेब म्हणाले, रक्त तेच, नळी कुठलीही असली तरी काय बिघडतं."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल नळीतून अंगातलं रक्त मशीनकडे येतं. निळीतून फिल्टरने नुकतंच गाळलेलं रक्त परत जातं. निळीतलं तपासायचं म्हणजे गाळणीखाली पेला धरायचा आणि अख्खी विहीर स्वच्छ आहे म्हणून सांगायचं.

"काका, आज तुमचं दोनदा रक्त घेऊ का? का ते उद्या सांगते."

"घ्या की. तेवढंच काय ते उरलंय."

तिने पंप मंद केला, पंधरा सेकंद मोजले, लाल नळीतून एक नमुना घेतला आणि निळीतून दुसरा. कुठला नमुना कुठल्या नळीतला, ते स्वतःच्या हाताने त्यांवर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. निळीचे ऐंशी. लालचे बावन्न.

मॅनेजरने दोन्ही कागद बघितले आणि उलटे करून टेबलावर ठेवले. "मॅडम, आकडा चांगला येतोय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

"माणूस मरतोय म्हणून दुखतंय."

"चोवीस माणसं बाहेर वाट बघत होती. चौथ्या पाळीमुळे ती जगतायत. आकडे पासष्टच्या खाली गेले तर वरून सेंटर बंद करतील, मग सगळेच मरतील. चालेल?"

"मग मशीन मागा! रविवारी सेंटर उघडा. दोघांच्या ताटातलं काढून तिसऱ्याला वाढायचं, आणि वर दोघांना सांगायचं की तुमचं पोट भरलंय?"

"आवाज खाली. आणि त्या रिपोर्टांवर सह्या कोणाच्या आहेत हो?"

"माझ्या," सिस्टर म्हणाली. "म्हणून तर आलेय."

तिने डॉक्टरांना फोन लावला. मी रिपोर्ट वाचतो, नमुना कुठून घेतला ते बघणं माझं काम नाही, असं म्हणून त्यांनी हात वर केले.

मग ती काकांच्या घरी गेली. काका कोचावर पाय वर करून पडले होते. काकू समोर बसल्या. सिस्टरने काहीही न लपवता सगळं सांगितलं, सह्यांसकट.

"म्हणजे पाच महिने मी यांना खाण्यावरून बोलत होते," काकू म्हणाल्या. "कपाटाला कुलूप लावलं मी! चोरून खाताय, असं मी म्हणाले. हे शपथा घेत होते आणि मी विश्वास ठेवला नाही. कागदावर ठेवला." त्यांचा आवाज चढत गेला. "तुमच्या त्या कागदावर!"

"हो," सिस्टर म्हणाली.

काका छताकडे बघत होते. "त्या चित्रकलेच्या बाईंचा खरा आकडा किती होता?"

"आता कधीच कळणार नाही."

"बरं," काका म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी साडेतीन तास झाले आणि टेक्निशियन सुया काढायला आला. काकांनी दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही. अजून अर्धा तास आहे माझा."

"काका, पुढची पाळी खोळंबलीय."

"खोळंबू दे. सिस्टर, सांगा सगळ्यांना."

सिस्टर पलंगांच्या मधोमध उभी राहिली आणि तिने दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. कोणती नळी, कोणाच्या सांगण्यावरून, किती महिने, सगळं. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "माझीपण सुई काढू नका." तिच्या पलीकडचाही तेच म्हणाला. मग सगळेच.

बाहेर चौथ्या पाळीची माणसं चिडली, दार वाजवू लागली. काकांसोबत आलेल्या काकू पदर खोचून दारात गेल्या. "आरडाओरडा आतल्यांवर करू नका. तुम्हालाही हे साडेतीन तासच देतायत आणि खोटा कागद हातात ठेवतायत. ओरडायचंच असेल तर त्या केबिनवर ओरडा."

आणि ती माणसं खरोखरच केबिनवर गेली. मॅनेजरने आतून कडी लावली.

त्याच संध्याकाळी सिस्टरने दोन्ही रिपोर्ट जोडून आरोग्य खात्याला तक्रार लिहिली. खाली सत्तावन्न पेशंटांनी सह्या केल्या. ज्यांचा सुईचा हात बांधलेला होता, त्यांनी दुसऱ्या हाताने वेड्यावाकड्या केल्या. तीन आठवड्यांनी तपासणीला माणसं आली. त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर लाल नळीतून नमुने घ्यायला लावले. शहाण्णव पेशंटांपैकी एकसष्ट जण पासष्टच्या खाली निघाले.

चौथी पाळी बंद झाली. दोन मशीन वाढली आणि रविवारी सेंटर उघडू लागलं. जे जमणारच नाही म्हणून पाच महिने सांगितलं होतं, ते एका महिन्यात जमलं. मॅनेजरला दुसऱ्या शाखेत नेलं, तेही वरच्या खुर्चीवर. डॉक्टर तेच राहिले. सिस्टरला मात्र सह्यांबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि बदली झाली हाडांच्या विभागात, प्लास्टरच्या खोलीत. ताकीद तिने गुपचूप घेतली. ती आपल्याला मिळायलाच हवी होती, असं तिचं मत होतं. बदलीविरुद्ध तिने अर्ज केला. उत्तर आलं नाही, तेव्हा दुसरा केला, मग तिसरा.

दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला. "यांचे अडुसष्ट आले. मी स्वतः उभी होते, लाल नळीतून घेतलं. खाज कमी आहे, आज पोटभर जेवलेत."

"छान झालं."

"तुमचा राग गेला का हो?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुमचा?"

"छे," काकू म्हणाल्या. "पुढच्या महिन्यातपण मी उभी राहणारच आहे."

सिस्टरने फोन ठेवला आणि पिवळ्या पडलेल्या प्लास्टरच्या बादलीशेजारी बसून चौथा अर्ज लिहायला घेतला.