पाखरांची भुकटी

"मावशी, हात हलवू नका."

दम कशानं लागतो ते शोधायला डॉक्टरांनी धोंडुबाईच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वेगवेगळ्या औषधांचे थेंब ठेवून सुईनं बारीक बारीक टोचलं होतं आणि आता दोघंही त्या हाताकडं बघत बसले होते. धुळीच्या जागी काही नाही. पिठाच्या जागी काही नाही. कोपराजवळ मात्र गांधीलमाशी चावावी तशी गाठ उठली.

"ही पतंगाची जागा. काम काय करता?"

"रेशमाच्या केंद्रात हाय की. पाखरं निवडायला."

उचगावच्या पुढं असलेल्या त्या केंद्रात रेशीमकिड्यांची अंडी तयार होत. कोषांतून पांढरे पतंग बाहेर पडले, की नर एकीकडं, माद्या एकीकडं करायचं धोंडुबाईचं काम. पतंग पंख फडफडवत आणि खोलीभर पांढरी भुकटी तरंगत राही. संध्याकाळी ती तिच्या पापण्यांवरही असे. बरोबरच्या बायका हसत, "धोंडे, म्हातारी झालीस की गं!" तीही हसे. नवरा आकाराम फौंड्रीत पाय गमावून घरी बसला, तेव्हापासून ह्याच पाखरांनी घर जगवलं होतं. त्यांना वाईट म्हणायला तिची जीभ रेटेना.

"ती भुकटी श्वासातून आत जाते. तिनंच दमा झालाय," डॉक्टर म्हणाले. "पंप देतो, पण काम सोडा."

तरी तिनं दिवाळीपर्यंत रेटलं. मग एका दुपारी ती पाखरांच्या ट्रेवरच कोसळली. ओठ निळे पडलेले. साहेबांनी रिक्षा करून दिली. "बाई, तुम्ही आता येऊ नका. घरातलं कोणी असेल तर पाठवा." ते त्यांनी भलेपणानंच म्हटलं.

मग लेक कामाला जाऊ लागली. अनुजा बारावी होऊन नर्सिंगचं बघत होती. "वर्षभर जाते की, मग बघू," म्हणाली. दुसरं वर्ष लागलं.

धोंडुबाईचा दमा काही हटला नाही. अनुजाच्या कपड्यांवरून नुसता वारा आला तरी तिची छाती दाटायची. म्हणून पोरगी परसातच आंघोळ करायची, कपडे बाहेर ठेवायची, मगच घरात यायची.

एका संध्याकाळी परसात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग शिंका. लागोपाठ. आणि पाठोपाठ छातीतली बारीक शिट्टी. ती शिट्टी धोंडुबाईनं बरोबर ओळखली.

"अनू, कधीपासनं गं हे?"

"सर्दी हाय, आई."

"सर्दी न्हाय ती. उद्यापासनं जाऊ नगंस."

"मग कोण जाणार?"

आकारामनं भिंतीकडं तोंड केलं. चुलीवरची भाकरी करपली, तरी कुणी उठलं नाही.

सकाळी अनुजा निघाली. धोंडुबाई तिला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेली. आईबरोबर असली, की अनुजा मुद्दाम पावलं आखडती घ्यायची. आज तशी गरज पडली नाही. चढावर दोघी दम खायला एकदमच थांबल्या.