ठोकून दिलेलं घर

भोरच्या त्या छोट्या ऑफिसात उपेंद्र सरांनी सुप्रियाला काम दिलं होतं ते भोंगवलीच्या जनावरांच्या डॉक्टर वैदेहीताईंसाठी, लसीकरणाच्या नोंदींचं ॲप. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. पोरीनं स्विफ्ट या कोडच्या भाषेत ते असं झ्याक उभं केलं म्हणता! तिच्या मॅकवर तर काही अडतच नव्हतं.

डॉक्टर आल्या, आपला मॅक घेऊन. ॲप टाकलं, पहिली नोंद केली, आणि बोंबललं! नोंद सेव्हच होईना. शेजारच्या टेबलावरच्या प्रद्युम्ननं सुप्रियाच्या कोडात डोकावलं आणि तो खो खो हसत सुटला.

"अगं बये, /Users/supriya? डॉक्टरांच्या मॅकवर तुझं घर कुठून येणार?"

खरंच की! फाइल ठेवायचा पत्ता, म्हणजे मॅकवरचं 'घर', तिनं आपल्याच नावानं ठोकून दिला होता. खोडच मेली ती. ऑफिसात पहिल्या दिवशी "घर कुठं?" विचारलं, तेव्हाही तिनं "मार्गासनी" असं ठोकून दिलं होतं. मार्गासनी सगळ्यांना ठाऊक. वरच्या डोंगरातली आपली खरी, बिनरस्त्याची, शेळ्यामेंढ्यांची वाडी सांगायची तिला लाज वाटायची.

तिनं तो पत्ता खोडून NSHomeDirectory() लिहिलं. म्हणजे मॅक ज्याच्या हातात, त्याचं घर कुठं, हे मॅकलाच विचारायचं. ॲप पुन्हा टाकलं. नोंद बसली, तीही डॉक्टरांच्याच घरी!

"शाब्बास! नोकरी पक्की समज," उपेंद्र सर म्हणाले.

डॉक्टर अजून पडद्याकडेच बघत होत्या. "अजून न व्यालेली पाट, बोकड, गाभण शेळी, सगळं निरनिराळं मांडलंय. एवढं कसं कळतं तुम्हाला? घर कुठं तुमचं?"

"मार्गा..." सुप्रिया अडखळली. मग ताठ बसली. इतकं चांगलं काम त्या वाडीच्याच जिवावर झालं होतं, मग लाज कसली? "मार्गासनीच्या वर, खिंडीची वाडी. गाडी जात न्हाई, चालावं लागतं. आमचे आबा शेळ्या राखत्यात."



"मग यंदाची लस तिथूनच सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "घाला वाडीचं नाव."

सुप्रियानं ते पहिल्याच ओळीत घातलं. तिनं तिथूनच फोन लावला.

"आबा, शेळ्या लांब सोडू नगा. डॉक्टर आपल्या घरी येनार हायेत."