कुंकवाखालचं मेण

ओळखलंत का मला? नाहीच ओळखणार. मी मोहोळ बोलतोय, पण पोरं दगड मारतात ते झाडावरचं नव्हे. माझ्या माश्या चिलटाएवढ्या, काळ्या, आणि त्यांना नांगीच नाही. फारच रागावल्या तर केसांत शिरून गुणगुण करतील, एवढाच काय तो त्यांचा पराक्रम. कवठे येमाईत पुतळाबाईंच्या मातीच्या भिंतीत माझा जन्म झाला. बाहेर दिसायची ती फक्त करंगळीएवढी मेणाची नळी.

चार-आठ दिवसांनी अंघोळ करून पुतळाबाई यायच्या, नळीच्या टोकाचं चिमूटभर मेण नखानं काढून कपाळाला लावायच्या आणि त्यावर कुंकू टेकवायच्या. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? झाडाझाडाचा चीक गोळा करून माझ्या पोरींचे पंख झिजायचे. पण बाईंनी चिमटीपेक्षा जास्त कधी घेतलं नाही. भिंत सारवताना माझ्याभोवती तळहाताएवढी जागा सोडायच्या. मुलाला, ज्ञानदेवला, बजावायच्या की हे आईच्या कुंकवाचं आहे, हात लावायचा नाही.

शिरूरच्या बाजारातल्या जुन्या भिंतींत माझी भावंडं होती. तिथं सिमेंट चढलं. रस्त्याकडेची झाडं पडली, त्यांच्या ढोलीतलीही गेली. आता उरलीत ती देवळामागच्या झाडांत. देवाच्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही, म्हणून.

दोन हजार तीन साली पुतळाबाईंचे यजमान तात्याबा वारले. तेरावं झालं, बाई अंगणात आल्या आणि मोकळ्या कपाळानं, मान वळवून माझ्यासमोरून निघून गेल्या. विधवेनं त्या मेणाकडे बघायचंही नाही म्हणे. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचा. महिनाभरात कळलं, त्या नखाची मला सवय झाली होती. फार एकटं वाटलं.

चार वर्षांनी बाई डोळ्याच्या ऑपरेशनला शिरूरला गेल्या. आई यायच्या आत घर नीट व्हावं, तिला ओल लागू नये, म्हणून ज्ञानदेवनं भिंतीला सिमेंट करायला घेतलं. पोरगा वाईट नाही हो. गवंड्यानं नळीपाशी थापी थांबवून विचारलं, ह्याचं काय करू?

ज्ञानदेव जरा घुटमळला. मग म्हणाला, "आईला आता मेण लागत न्हाई. बुजवून टाका."

भर दुपारची वेळ. निम्म्या पोरी रानात होत्या. परतल्या तर दारच नाही. तीन दिवस त्या सिमेंटवर चाचपडत राहिल्या आणि तिथंच वाळून पडल्या. आत राणी आहे, पिल्लं आहेत, थोडा मध आहे. हवा मात्र संपत आली आहे.

आज बाई परतल्या. भिंतीखालचा मेलेल्या माश्यांचा सडा बघून उलथनं घेऊन आल्या. ज्ञानदेवला बाजूला सारून भिंतीलाच म्हणाल्या, "मेण नको व्हतं मला. पर तुमी हाय, एवढं बास व्हतं. मी तोंड फिरवलं, म्हून त्याला वाटलं तुमी नको झाला."

आता त्या खरवडताहेत. मला आवाज ऐकू येतोय, पण खालून. मेण काढायच्या तेव्हा नळी त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होती. आता पाठ वाकली आहे, आणि हात अजून कपाळाच्या उंचीवरच शोधतोय.

वर, पुतळाबाई. वीतभर वर.