अय्युबला विचारा

रझियाने शोधाच्या चौकटीत 'रिले, बारा व्होल्ट' लिहिले. पडद्यावर उत्तर उमटले: 'रझियाला विचारा.'

"विचार आता," श्यामसुंदरकाका काउंटरपलीकडून म्हणाले. "स्वतःलाच."

बुधवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे नऊशे खण होते. कुठला भाग कुठल्या खणात, हे सांगणारा प्रोग्राम तिच्या अब्बांनी लिहिला होता. तीस वर्षे त्याच काउंटरवर उभे राहून, पुस्तकांवरून शिकून. जिथे अडेल तिथे तो म्हणे, 'अय्युबला विचारा.' मे महिन्यात अब्बा गेले. काकांनी सांगितले म्हणून तिने एका नावाच्या जागी दुसरे घातले, आणि तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा तिचा फोन वाजत होता. ऑफिसात, दवाखान्यात, एकदा कबरस्तानात.

डब्लिनच्या कंपनीने तिला नोकरीसाठी पुन्हा विचारले होते. सोमवारी उत्तर द्यायचे होते.

"काका, सगळा कोड आतून नीट लावते. रिफॅक्टरिंग म्हणतात त्याला."

"चालतंय ना? मग उकरायचं कशाला?"

"मी नसतानाही चालायला हवं."

काकांनी चष्मा काढून पुसला. "अय्युबभाईही शेवटी तेच करत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, साफसफाई चाललीय."

रझियाचा हात माऊसवर थांबला. मग तिने अब्बांचे फोल्डर एकेक करून उघडले. 'साफसफाई' नावाचे फोल्डर सगळ्यात खाली होते.

तोच प्रोग्राम होता, पण तिला पाठ होता तसा नव्हता. 'क१', 'क२' अशा नावांच्या जागी 'रिकामा_खण', 'खिडकीची_रांग' आली होती. कुणालाही वाचता आले असते. रिफॅक्टरिंगमध्ये बाहेरचे वागणे बदलायचे नसते, हा नियम तिनेच अब्बांना सांगितला होता. तो त्यांनी एकाच बाबतीत मोडला होता. रिलेच्या ओळीत आता लिहिलेले होते: 'खिडकीखाली डावीकडून चौथा खण. नसल्यास माळ्यावरचा निळा डबा.'

जुन्या प्रोग्राममध्ये 'अय्युबला विचारा' सव्वीस ठिकाणी होते. एकोणीस ठिकाणचे त्यांनी काढले होते.

तिने फोल्डरची तारीख पाहिली. बारा मार्च. अकरा मार्चला तिने डब्लिनला नकार कळवला होता. घरी न सांगता. नकाराचे पत्र मात्र तिने अब्बांच्याच प्रिंटरवर छापले होते.

काकांनी गिऱ्हाईक उभे असतानाही तिला हाक मारली नाही.

उरलेल्या सात जागा भरायला दुपार गेली. ती विचारत होती, काका खण उघडून सांगत होते. शेवटी काकांनी स्वतः 'रिले' लिहिले, उत्तर मोठ्याने वाचले, खिडकीपाशी गेले आणि रिले घेऊन आले.

"म्हणजे आता तुला फोन करायचं कारण उरलं नाही."

"नाही."

"बरं झालं," काका म्हणाले आणि रिले उगाचच उलटसुलट करून पाहत राहिले.

पडद्याच्या वर पुठ्ठ्यावर तिचा नंबर चिकटवलेला होता. रझियाने कागदाचा कोपरा नखाने उचलला आणि तो हळूच सोलून काढला. खाली अब्बांच्या अक्षरात दुसरा नंबर निघाला. तिचे नख त्याच्याही कोपऱ्याशी गेले.

"तो राहू दे," काका म्हणाले. "तो काही कुणी लावत नाही."