बाटलीचं झाकण

सांध्यांची डॉक्टरीण आमच्या गावात दोन महिन्यांतून एकदा येते. एरवी इथे दुखण्याची गोळी मिळते आणि वर "वय झालं आता" हे फुकट. आईचं वय वगैरे काही झालेलं नाही. ती कपडे शिवते आणि तिची बोटं वाकडी होऊ लागलीत. आज औषध वाढलं नाही, तर पुढच्या खेपेपर्यंत तिच्या हातात सुई राहील का, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला होता.

पण आमच्या घरचा खाक्या असा, की डॉक्टरकडे जायचं ते नीटनेटकं. आईनं उठल्या उठल्या गरम पाण्यात हात शेकले, दुखण्याची गोळी घेतली. बाबांनी तिची बटणं लावली, केस विंचरले, चपलेचा पट्टासुद्धा लावला. लग्नाला निघाल्यासारखी दोघं रिक्षात बसली. मी कपाळावर हात मारला. असं सजवून नेल्यावर दुखणं दिसणार कसं?

"कशा आहात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बरी आहे," आई म्हणाली. आग लागली तरी ही हेच सांगेल!

"शिवणकाम जमतं?"

"जमतं की," बाबाच बोलले.

"कापड कोण कापतं, ते सांगा," मी म्हटलं.

"मी कापतो. मला तरी दुसरं काय काम आहे?"

बाईंनी पाण्याची बाटली आईपुढे ठेवली. "एवढी उघडा बघू."

आईनं हात पुढे केला, तोच बाबांनी सवयीनं बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि तिच्या हातात दिली. वर हसले. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, हात मागे!"

बाईंनी झाकण पुन्हा लावलं. बाबा मांडीखाली हात घालून बसले. आईनं बोटांनी प्रयत्न केला, मग तळव्यांनी, मग पदरात धरून. झाकण हललं नाही. बाबांचा चेहरा उतरत गेला. घरात प्रत्येक झाकण तेच उघडायचे, त्यामुळे तिला ते उघडत नाही हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि आता रडूही येत होतं.

"नाही उघडत," आईनं बाटली खाली ठेवली. "सकाळी तर कपही धरवत नाही."

मग बाईंनी औषध वाढवलं. रक्ताच्या तपासण्या इथल्या डॉक्टरांनी करायच्या आणि निकाल बाईंना फोनवर कळवायचे, असं ठरलं.

दवाखान्याच्या पायरीवर आईच्या चपलेचा पट्टा सुटला. बाबा वाकले आणि मध्येच थांबले.

"लावू का गं?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आजवर विचारलं नव्हतं.

"लावा," आई म्हणाली. "पण पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंसमोर नको."