राजाबाईचा मोतीबिंदू

समाजसेवेचे दोन क्रेडिट मिळतात म्हटल्यावर सोलापूरच्या त्या कॉलेजात समाजसेवेला एकदम ऊत आला. मंद्रूपकडचं एक खेडं दत्तक घेतलं गेलं. गावाला कुणी विचारलं नाही, पण दत्तक जाणाऱ्याला कोण विचारतं? नेत्रतपासणी शिबिर ठरलं. डॉक्टर आले, दीपप्रज्वलन झालं, फोटो निघाले आणि अर्ध्या तासात डॉक्टर गेलेसुद्धा. मागे उरल्या हातात टॉर्च घेतलेल्या मुली आणि म्हाताऱ्यांची रांग.

त्या मुलींत चेतना होती. पोरगी मनाची चांगली, आणि घोळ तिथेच झाला. एकटी राहणारी राजाबाई अंधुक दिसतंय म्हणाली, तेव्हा तिला नुसतंच परत धाडणं चेतनाच्या जिवावर आलं. चेतनाच्या आजीलाही मोतीबिंदू झाला तेव्हा असंच दिसायचं. चेतनाने ठोकून दिलं, मोतीबिंदू आहे, ऑपरेशन केलं की लख्ख दिसेल, आमची गाडी न्यायला येईल.

गाडी गेलीच नाही. अहवाल सादर झाला, क्रेडिट मिळाले आणि शिबिर भरवणाऱ्या वेणीमाधव सरांनी पुढच्या वर्गासाठी दुसरं गाव घेतलं. चेतनाने एकदोनदा विचारून पाहिलं. त्या गावाचं काम संपलंय, सर म्हणाले. परीक्षा तोंडावर आली होती, तिनेही विषय सोडला.

सोडला, पण डोक्यातून जाईना. वर्षभराने ती एकटीच एसटीने गावात गेली. राजाबाई भिंत चाचपत दारात आली आणि आवाज ओळखून हरखली. उशिराचा राग तिला नव्हताच. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. मुली तो पिकायची वाट बघतायत, अशी तिची पक्की समजूत. मध्यंतरी शेजारच्या गावात दुसरे डॉक्टर येऊन गेले, तर ही तिकडे फिरकलीही नाही.

चेतना तिला सोलापूरला घेऊन आली. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मग चेतनाला बाजूला बोलावलं. काचबिंदू होता. डोळ्याची शीर सुकून गेली होती. वर्षापूर्वी थेंब सुरू केले असते तर होती ती नजर टिकली असती, आता काही करता येणार नाही.

परतीच्या एसटीत राजाबाईने विचारलं, "कवा काढायचा म्हनले?"

चेतनाने सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूकही. म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"सिद्धप्पाला काय सांगू आता?" राजाबाई म्हणाली.

सिद्धप्पा तिचा शेजारी. त्यालाही अंधुक दिसायला लागलं होतं, आणि त्याचा लेक त्याला दवाखान्यात न्यायला निघाला होता.

"मीच थांबिवलं की त्येला. म्हनलं, घाई करू नगं, कालेजच्या पोरी लई शब्दाच्या हायत."

त्याला आता कितपत दिसतं, हे विचारायला चेतनाला मंद्रूप येईपर्यंत धीर झाला नाही.

"न्हाय दिसत," राजाबाई म्हणाली. "सून हाताला धरून न्हेतीया."