ऐकून बघा

ड्रायव्हरचा जन्म बसच्या इंजिनाशेजारी बसून गेला. त्याच्या लेखी आवाज दोनच प्रकारचे, एक फार मोठा आणि दुसरा त्याहून मोठा. त्याच्या बायकोचं मात्र सगळं कानावर चालायचं. मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिनं सव्वीस वर्षं काढली. पलीकडचा माणूस "हॅलो" म्हणाला की कुठला डॉक्टर, कुठल्या मजल्यावरून आणि कुणाशी भांडून आलाय, ते ती सांगायची. तेही एका कानावर. डावा कान लहानपणीच गोवरानं नेला होता. कुणी काही लागट बोललं की ती म्हणायची, "या कानानं ऐकून त्या कानानं सोडायची सोय नाही हो माझ्याकडे. आत गेलं की राहतंच."

त्या उजव्या कानाच्या नसेवर आता गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "गाठ काढली तर जीव वाचेल. ऐकू येणं मात्र जाईल." ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं.

त्या रात्री ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं ऐकीव माहितीवर एक दुकान शोधून काढलं. कानात आत बसणारे, सगळ्यात भारीतले इअरफोन तिथं आधी ऐकून बघता येतात, मग घ्यायचे.

"सहा दिवसांसाठी?" बायको म्हणाली.

"सहा तर सहा. हौसेला मोल नसतं."

दुकान छोटंसंच होतं. जमिनीवर जाड गालिचा, भिंतींना कापड, त्यामुळे स्वतःचं बोलणंसुद्धा उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं येई. चष्मा लावलेली एक प्रौढ दुकानदारीण पुढे आली. तिनं मखमली पेटीतून बोराएवढे इअरफोन काढले आणि रबरी बोंडांचे तीन आकार समोर ठेवले.

"बोंड नीट बसलं पाहिजे. फट राहिली तर खालचे सूर गळून जातात. कान जरा वर ओढा. हं, आता सरकवा."

डाव्या कानाचं सांगताना ड्रायव्हर अडखळला. दुकानदारीण एवढंच म्हणाली, "मग दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून देते. नाहीतर अर्धं गाणं वायाच जायचं." आणि तिनं बायकोच्या फोनमध्ये काहीतरी बदललं.

बायकोनं तिच्या आवडीचं एक जुनं गाणं लावलं. ड्रायव्हर तिच्या तोंडाकडे बघत बसला. आधी तिच्या भुवया वर गेल्या. मग तिनं त्याचा हात धरला.

"अहो, गाणारी बाई ओळ सुरू व्हायच्या आधी श्वास घेते! आणि मागे कुणीतरी कागद उलटतंय. चाळीस वर्षं ऐकतेय मी हे गाणं."

तिनं आणखी दोन जोड लावून बघितले. एकाला "डबड्यातला" म्हणाली, दुसऱ्याला "साखर जास्त". दुकानदारीण हसली. ड्रायव्हरही हसला. किती दिवसांनी ती अशी मोकळी बोलत होती. मग पुन्हा पहिला जोड लावून तिनं लेकीचा निरोप ऐकायला घेतला. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती, आठवड्याला आवाजात निरोप पाठवायची. हा काल रात्रीचाच होता. आई, मी मजेत आहे, तू धीर धर, सुट्टी मिळाली की येतेच.

बायकोनं तो ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना तिचं तोंड उतरलं.

"पोरगी रडून बोललीय," ती म्हणाली. "आधी पाणी प्यायली, ग्लास ठेवला आणि मग बोलली. 'मजेत' म्हणताना नाक ओढलंय. घरी ऐकलं तेव्हा मला कळलंसुद्धा नाही."

ड्रायव्हर खाली बघू लागला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"निघतेच म्हणत होती गं ती. फोनवर हमसून हमसून रडली. मीच म्हणालो, आत्ता येऊ नकोस. तुला बघून आई खचेल. आणि तिच्यापुढे रडायचं नाही."

"माझा कान चाललाय गुरुवारी," बायको हळू म्हणाली, "आणि तुम्ही मला गाणी ऐकवायला आणलंत. अहो, पोरीला थांबवून ठेवलंत?"

तिनं इअरफोन काढले, बोंडं रुमालानं पुसली आणि पेटीत ठेवले. "फार सुंदर आहेत हो. पण नको," ती दुकानदारणीला म्हणाली. दुकानदारीण दारापर्यंत सोबत आली. बाहेर पायरीवरच ड्रायव्हरनं लेकीला फोन लावला. "ये," एवढं म्हणेपर्यंत त्याचाच आवाज फुटला.

लेक दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. पाच दिवस मायलेकी बोलत होत्या. भांडल्या, रडल्या, एकदा तर इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. ड्रायव्हर बाहेरच्या खोलीत बसून असायचा. आपणही काहीतरी बोलावं, असं त्याला फार वाटायचं. पण चाळीस वर्षांत ज्याला चार वाक्यं सलग जमली नाहीत, तो पाच दिवसांत काय बोलणार? उद्या बोलू, उद्या बोलू, म्हणता म्हणता गुरुवार उजाडला.

ऑपरेशनच्या खोलीच्या दारात तिची स्ट्रेचरची गाडी क्षणभर थांबवली. ती त्याच्याकडे बघत राहिली. वाट बघतेय हे त्याला कळत होतं. पण तोंडातून निघालं एवढंच, "तुझा चष्मा माझ्याकडे आहे हं."

तिनं मान डोलावली. दार लागलं.

गाठ निघाली, जीव वाचला. कान गेला.

आता घरात वह्या असतात. तो लिहितो, ती वाचते. अक्षर कोंबडीचे पाय असल्याची तक्रार करते. आणि तिचा स्वतःचा आवाज वाढलाय. साधं "पाणी द्या" म्हणाली तरी ते जिन्यापर्यंत जातं. परवा सुट्टीला आलेल्या लेकीनं वही ओढली आणि "आई, जरा हळू" असं लिहायला घेतलं. ड्रायव्हरनं तिच्या हातातून पेन काढून घेतलं.

"असू दे," तो म्हणाला. "बोलू दे तिला."